पासाऊ ते व्हिएन्ना सायकलनं, आणि तीच तीच माणसं

बिनगियरी

गेल्या जुलैत डॅन्यूबच्या काठानं जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलनं गेलो. या मार्गावर भरपूर लिहून झालंय, यूट्यूबवर तर पूर आहे, तेव्हा रोज काय काय पाहिलं याची जंत्री देत नाही. ज्या गटाबरोबर गेलो तो गट मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आधी हिशेब सांगून टाकतो, नाहीतर पहिले पाच प्रतिसाद त्यातच जातील. अंतर साधारण 320 किमी, चालवायचे दिवस सहा, म्हणजे रोज 50-55. रस्ता जवळजवळ सपाट आणि बराचसा गाड्यांपासून वेगळा. सामान व्हॅननं पुढच्या हॉटेलात. सायकल तिथलीच, भाड्याची. सहलीचे 1450 युरो, व्हिसाची फी 90 युरो, वर विमान आणि विमा; सगळं मिळून अडीच लाखांच्या आतबाहेर. माझं वय 62. सराव म्हणजे चार महिने पहाटे कोथरूड ते खडकवासला. बास.

गटात आम्ही 17 जण, आणि त्यातले 12 एकमेकांना आधीपासून ओळखत होते. यॉर्कशायरच्या एक आजी, वय 78, त्यांची ही अकरावी सहल. बेल्जियमचं एक निवृत्त जोडपं. डेन्मार्कचे एक दंतवैद्य, बायको सायकल चालवत नाही म्हणून दर वर्षी एकटेच येणारे. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळं मागच्या वर्षाबद्दलच चाललेलं. कोणीतरी 'बदक' एवढंच म्हणायचं आणि अर्धं टेबल डोळे पुसत हसायचं. बदकाचं काय झालं होतं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मग गटाच्या शेवटी चालणारा गडी (याला पुढे 'शेपूट' म्हणतो, तिथेही त्याला तशाच अर्थाचं नाव होतं) एक कापडी पिशवी घेऊन आला आणि दंतवैद्यांना त्यांचा डाव्या हाताचा मोजा दिला. मागच्या सहलीत व्हॅनमध्ये राहिलेला. पिशवीत आणखी बरंच काय काय होतं: टोपी, चार्जर, कवळीची डबी. मी लग्नघरात चुकून शिरलेल्या माणसासारखा सूप पीत बसलो.

पासाऊला तीन नद्या मिळतात. इन हिरवट, इल्झ काळी आणि डॅन्यूब यांच्या मधली. गंमत म्हणजे इनचं पाणी वर्षाच्या सरासरीत डॅन्यूबपेक्षा जास्त असतं, पण नाव पुढे डॅन्यूबचंच चालतं. टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात. 2013 च्या जूनमधली खूण 12.89 मीटरची, 1501 नंतरची सगळ्यात वरची. त्या दिवशी तारीख होती 12 जुलै. पुणेकराला 12 जुलैला पुराची खूण दाखवली की त्याचं काय होतं ते सांगायला नको. मी पानशेतनंतर वर्षभरानं जन्मलो, पण घरात प्रत्येक गोष्ट 'पुराच्या आधी' नाहीतर 'पुरानंतर' असायची. हे मी शेजारी उभ्या असलेल्या आजींना सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, दोन प्रश्न विचारले. माझ्याशी झालेलं ते पहिलं खरं बोलणं.

आता कोपऱ्याबद्दल. सतरा माणसं एका ओळीत राहत नाहीत, दोन-तीन किलोमीटर पसरतात. म्हणून पद्धत अशी: म्होरक्या सगळ्यात पुढे, शेपूट सगळ्यात मागे. वळण आलं की म्होरक्याच्या लगेच मागे जो असेल त्यानं तिथे थांबायचं, येणाऱ्या प्रत्येकाला हातानं वळण दाखवायचं, आणि शेपूट दिसेपर्यंत हलायचं नाही. मग शेपटाच्या पुढे लागायचं. पुढच्या वळणावर दुसरा कोणीतरी. दिवसभरात प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन कोपरे येतात. सोपं आहे. इतकं सोपं, की मी ते चुकवलं.

मेल्क. मठ बघून निघालो. मेल्क उजव्या काठावर आहे, आम्हाला पूल ओलांडून डाव्या काठानं वाखाऊच्या खोऱ्यात जायचं होतं. पुलाच्या वळणावर माझा कोपरा. ऊन रणरणतंय, एकेक जण हात करून पुलावर चढतोय, मी मोजतोय. तेवढ्यात फोन थरथरला. सोसायटीचा ग्रुप. पुण्यात धो धो, गच्ची गळतेय, वॉटरप्रूफिंगचे पैसे कोणी भरायचे यावर 43 मेसेज. दोनच वाचले. वर बघितलं तर रस्ता रिकामा. म्हटलं झाले सगळे, शेपूटही माझं लक्ष नसताना गेलं असणार. निघालो.

गेले नव्हते. आजी, बेल्जियन जोडपं आणि त्यांची चेन बसवत थांबलेलं शेपूट मागेच होतं. शेपूट अजून हात पुसतंय तोवर तिघं पुढे आली. कोपऱ्यावर कोणी नाही म्हणजे सरळ जायचं, हा नियम. सरळ गेली, उजव्या काठानं.

श्पिट्स गावात पोचून मोजणी झाली तेव्हा तीन कमी. मागून एकटंच शेपूट आलं. म्होरक्यानं मला विचारलं, "तू शेपूट पाहिलंस?" मी खोटं बोलू शकलो असतो. नाही म्हणालो. तो काही बोलला नाही, फोन लावायला लागला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

तिघं अर्ध्या तासानं उगवली, नदीवरून. श्पिट्सच्या समोर आर्न्सडॉर्फ आहे, तिथून एक होडी येते. तिला इंजिन नाही. नदीवर आडवा ताणलेला तारदोर, होडी त्याला बांधलेली, सुकाणू फिरवलं की प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. आजी सायकल धरून पुढच्या टोकाला उभ्या. उतरल्या आणि म्हणाल्या, अकरा सहलींत पहिल्यांदाच उजवा काठ दिसला, श्योनब्यूलचा पाण्यातून उठलेला किल्ला फार सुंदर आहे, तुम्हा सगळ्यांचा तो हुकला.

त्या रात्री द्राक्षमळ्यातल्या बाकांवर बसलो होतो. प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, आपण सोडलेल्या कोपऱ्याची गोष्ट सांगितली. दंतवैद्यांनी कुठल्या तरी साली अख्खा गट एका गोठ्यात पाठवला होता. म्होरक्या स्वतः एकदा शेपूट असताना चुकला होता. आणि ते बदक, तेही बहुधा एका कोपऱ्याशीच संबंधित होतं. त्यानंतर मला कोणी नवा समजलं नाही.

एक दिवस मात्र वेगळा होता, तोही लिहितो. माउटहाउझेनला छळछावणीचं स्मारक आहे, गावाच्या वर टेकडीवर. खाणीतल्या त्या 186 पायऱ्या, ज्यांवरून कैद्यांना पाठीवर दगड घेऊन चढवायचे. सायकली खाली लावून चालत गेलो. त्या रात्री जेवताना कोणी जुने किस्से काढले नाहीत. न ठरवता.

इथे कोणी असं एकाच गटाबरोबर परत परत जाणारं आहे का?

टायरट्यूब

फोटो नाहीत तर सहल झालीच नाही असं समजण्यात येईल.

भरलीवांगी

काका, छान लिहिलंय. माझे प्रश्न साधे आहेत. नाशिकला राहते, वय 54, एकटी जाणार. रोज 20 किमी जमतं. 55 जमेल का? मागे पडले तर सोडून जातात का? आणि मी शाकाहारी, अंडं चालतं.

एकांडा शिलेदार

लेख आवडला, मुद्दा नाही पटला. मी हाच मार्ग दोन वर्षांपूर्वी एकट्यानं केला, निम्म्याहून कमी पैशांत. मार्ग हरवायची सोय नाही हो! हा युरोव्हेलो 6 आहे, म्हणजे युरोपभर जाणारा सायकलमार्ग, पाट्या जागोजागी. तरीही शंका असेल तर नदीकडे बघा, ती व्हिएन्नालाच चाललीय. काठावर नदीच्या किलोमीटरच्या पाट्या असतात, त्या मुखापासून उलट्या मोजलेल्या. पासाऊला 2220 च्या वर, व्हिएन्नाला 1930 च्या आसपास. आकडा कमी होतोय ना, मग बरोबर चाललात. यासाठी म्होरक्या, शेपूट आणि कोपरे? ही शाळेची सहल झाली. उशिरा उठायचं असेल तर? दुपारी झाडाखाली लोळायचं असेल तर?

ऱ्हाइनकाठी

श्टुटगार्टजवळ 14 वर्षं आहे, थोडी भर घालतो. एकट्यानं जाणाऱ्यांची इथे उत्तम सोय आहे. जर्मन सायकलस्वारांची संघटना आहे, एडीएफसी, 1979 ची. हॉटेल किंवा घरगुती मुक्कामाच्या दारावर त्यांची 'बेट अँड बाइक' पाटी दिसली की डोळे मिटून शिरा. पाटी मिळवायची तर सायकलवाल्याला एका रात्रीसाठीही खोली द्यावी लागते, सायकलीला कुलूपबंद जागा आणि ओले कपडे वाळवायची सोयही लागते. ऐन हंगामात 'एक रात्र? नाही' हे ऐकलेल्यांनाच याची किंमत कळेल.

अवांतर: याच संघटनेच्या स्थानिक शाखा रविवारी गटानं फिरायला नेतात. आमच्या शाखेत दहा वर्षं तेच चेहरे. रस्ताही तोच, शेवटी केकही त्याच दुकानात. जर्मन माणूस परत येतो तो केकसाठी असं माझं मत झालंय.

बिनगियरी

@भरलीवांगी, 20 जमतं तर 55 जमेल, कारण दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच असतो आणि अंगावर चढ नसतात. फक्त सलग तीन दिवस 35-40 करून बघा. पाय ऐकतात, बसायची जागा ऐकत नाही. सीटवरचं जेल कव्हर घरून न्या. सोडून जात नाहीत, शेपटाचं तेच तर काम. तुमच्या मागे कायम एक माणूस असतो.

भाड्याच्या सायकलीबद्दल एक: माझ्या सायकलीला मागचा ब्रेक पायडलमध्ये होता. उलटं पायडल मारलं की चाक जागेवर थांबतं. आपल्याला सिग्नलला उभं राहताना पायडल मागे फिरवून वर आणायची सवय. पहिल्याच दिवशी होडीच्या फळीवर मी ते केलं आणि आडवा. बुक करतानाच पायडलब्रेक नको म्हणून सांगा. वॉल्व मात्र आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्याच जातीचा निघाला, तो बघून भडभडून आलं.

@एकांडा शिलेदार, पाट्यांबद्दल शंभर टक्के सहमत. रस्ता सापडावा म्हणून गटात जावं असं मी म्हटलेलंच नाही. श्लोगेनला डॅन्यूब पूर्ण उलटी वळते आणि डाव्या काठाची वाट आऊला संपते, होडीनंच पलीकडे जावं लागतं. तिथेही तुम्ही एकटे मजेत गेला असाल. मी बायको गेल्यावर पाच वर्षं एकटाच फिरलो. हंपी, स्पिती, श्रीलंका. उशिरा उठलो, झाडाखाली लोळलो. संध्याकाळी हॉटेलात आलो की आज काय पाहिलं ते सांगायला वेटर.

एकांडा शिलेदार

माघार. शब्द मागे घेतो असं नाही, पण माघार.

चहाबाज

शाकाहारींसाठी पटकन: ऑस्ट्रियात सूपमध्ये धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं एक सूप मिळतं, दिसायला अगदी निरागस. पाणी गोमांसाचं असतं. विचारून घ्या. चीजचं श्पेट्झले (अंड्याच्या पिठाच्या जाड शेवया) बिनधास्त खा. वाखाऊत जुलैत ताजे जर्दाळू. आपण वाळलेलाच ओळखतो, ताजा खाल्ला की वाळवणाऱ्याचा राग येतो. त्याचा गोळा करतात: बी काढून तिथे साखरेचा खडा, वरून पनीरसारख्या ताज्या चीजच्या पिठाचं आवरण, उकडायचा आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचा. मोदकाचा परदेशी चुलतभाऊ.

बाकी बिनगियरी, तुमचा गट म्हणजे आपली वारीच की. दिंडी, चोपदार, दर वर्षी तीच माणसं.

बिनगियरी

वारी नको हो. आजोळी दिंडी होती, जवळून पाहिलीय. वारीत 1450 युरो भरून कोणी येत नाही आणि सामान व्हॅनमध्ये नसतं. शिवाय वारीला पोचायचं असतं. ही मंडळी व्हिएन्नाला पोचल्यावर चक्क नाराज होती. फार तर भिशी म्हणा.

उंबरठा

थोडा कडू प्रतिसाद देते. मीही अशाच एका गटाबरोबर फ्रान्समधल्या लोआर नदीकाठी गेले होते, ब्लोआहून पश्चिमेकडे. वारा रोज तोंडावर, पण तो समजण्यासारखा, तिकडे वारा समुद्राकडूनच येतो. माणसं समजली नाहीत. नऊपैकी सात जुने. जेवायला बसलं की शेजारच्या खुर्चीवर जॅकेट ठेवलेलं, 'ही अमक्याची'. रोज. दिवसभर गोड बोलायचे, पण रात्री खुर्ची नाही. सगळ्यांत मीच सावळी, हे कारण होतं की नव्हतं कोण जाणे, पण विचार मनात येतो आणि मग जात नाही. चुका मीही केल्या, एकदा तर म्होरक्यालाच मागे टाकून पुढे गेले. कोणी गोष्टी सांगत बसलं नाही, नुसतं 'हं' म्हणाले. तेव्हा 'एक चूक केली आणि घरचा झालो' हे सगळीकडे चालत नाही. तुम्हाला माणसं बरी मिळाली.

बिनगियरी

@उंबरठा, मान्य. माझ्या लेखात ते यायला हवं होतं. पहिले तीन दिवस मलाही परत जावंसं वाटत होतं, ते मी 'लग्नघर' म्हणून विनोदात गुंडाळलं. मेल्कला फोन वाजला नसता तर कदाचित हा धागा तुमच्यासारखाच झाला असता. जुन्यांचं प्रेम हे नव्याला बंद दार दिसतं, आणि आतल्यांना दार असल्याचंही माहीत नसतं. आजींना मी हे नंतर बोललो. त्या म्हणाल्या, त्यांच्या दुसऱ्या सहलीपर्यंत त्यांनाही कोणी बदकाचं सांगितलं नव्हतं.

हॉलंडवासी

नेदरलँड्समध्ये म्होरक्या लागतच नाही. चौकाचौकांना आकडे आहेत, 23 वरून 47, 47 वरून 12 असं कागदावर लिहून हँडलला चिकटवायचं आणि निघायचं. ही कल्पना मूळची बेल्जियमच्या लिम्बर्गमधली, 1995 ची. ह्युगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्यानं काढली. खाणीतल्या बोगद्यांच्या फाट्यांना आकडे असायचे, तेच त्यानं वर आणले. बिनगियरींच्या बेल्जियन जोडप्याला नक्की माहीत असणार.

गट बघायचा तर इथे बोटीवरच्या सहली बघा. रात्री बोटीत झोपायचं, दिवसा सायकल, बोट पुढच्या गावी हजर. खोल्या एवढ्याशा, की दोन दिवसांत सगळे एकमेकांचं घोरणं ओळखतात. खुर्ची अडवून ठेवायला जागाच नसते :)

टायरट्यूब

78 वर्षांच्या आजी इ-बाइकवर असतील तर त्यात काय एवढं? मोटर चालवतेय.

ऱ्हाइनकाठी

@टायरट्यूब, तिकडची इ-बाइक म्हणजे स्कूटर नव्हे. मोटर 250 वॉटची, पायडल मारलं तरच चालते, ताशी 25 ला मदत बंद. एकदा 24 किलोची सायकल बॅटरी संपल्यावर चालवून बघा, मग बोलू.

बिनगियरी

आजी इ-बाइकवरच होत्या, आठव्या सहलीपासून. सातवीच्या शेवटी त्यांनी निरोप घेतला होता म्हणे, सगळ्यांना मिठ्या मारून, रडून वगैरे. पुढच्या वर्षी बॅटरी घेऊन हजर. त्यांच्या पिशवीवर पंख असलेल्या चाकाचा एक जुना बिल्ला होता, ब्रिटिश सायकल टूरिंग क्लबचा. तो क्लब 1878 मध्ये हॅरोगेटला, म्हणजे त्यांच्याच यॉर्कशायरमध्ये निघाला. बिल्ला वडिलांचा. त्यावर मोटर नाही.

चहाबाज

मूळ प्रश्न राहिलाच. बिअर?

बिनगियरी

अर्धी बिअर अर्धं लेमोनेड, नाव राडलर, म्हणजेच सायकलवाला. ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही रक्तातल्या अल्कोहोलची दर हजारी 0.8 ही मर्यादा आहे, तेव्हा दुपारी एकच. ड्युर्नश्टाइनला दुसरा घेतला. इंग्लंडच्या रिचर्ड राजाला तिथल्या किल्ल्यात 1192 मध्ये डांबला होता. दुसऱ्यानंतर मला त्याची दया यायला लागली.

भरलीवांगी

@बिनगियरी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

*(सव्वा वर्षानंतर)*

भरलीवांगी

धागा वर काढतेय. मागच्या आठवड्यात परत आले. काकांच्याच गटाबरोबर, या वेळी बोडनसे, म्हणजे तळ्याला पूर्ण वेढा, तीन देश. सीट दुखली, सूप विचारून प्यायले. उंबरठा ताई, तुमचा प्रतिसाद जाण्याआधी दोनदा वाचला. पहिल्या रात्री एका खुर्चीवर जॅकेट होतंच. मी सरळ विचारलं, ही कोणाची? दंतवैद्यांनी जॅकेट उचलून मांडीवर घेतलं आणि लाजले.

चौथ्या दिवशी ब्रेगेंझच्या पुढे माझा कोपरा आला. सोळा जण गेले, मग कोणीच नाही. पाऊस सुरू झाला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. समोरच्या घरातल्या बाई खिडकीतून बघून गेल्या. पंधरा. फोन खिशात वाजत होता, काढला नाही. बाई छत्री घेऊन बाहेर आल्या, जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या, बहुतेक 'आत या'. मी मान हलवून रस्त्याकडे बोट दाखवलं. त्या छत्री धरून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, आम्ही दोघी गप्प. पंचविसाव्या मिनिटाला शेपूट आलं, पंक्चर झालेली सायकल हातानं ढकलत.

एक विचारायचं होतं. माझं जेल कव्हर व्हॅनमध्ये राहिलंय. ते कुरियरनं मागवता येतं का?

बिनगियरी

पिशवीत गेलं असेल. राहू दे तिथेच, माझा वाचायचा चष्माही आहे त्यात.